नाताळची झाडे घेऊन निघालेले जहाज



नोव्हेंबर महिना आपण मृत आत्म्यांच्या स्मरणात घालवला. दफनभूमीत मेणबत्त्या लावल्या, फुले वाहिली, आपल्या गेलेल्या माणसांसाठी मिस्सा अर्पण केल्या. आता आगमनकाळ सुरू झाला आहे. वेदीजवळ पहिली मेणबत्ती पेटली आहे आणि घरोघरी गोठ्याची व ख्रिसमस ट्रीची तयारी चालली आहे. मृतांचे स्मरण आणि बाळ येशूची वाट पाहणे या दोन्ही गोष्टी एकमेकींना अगदी खेटून येतात. म्हणून आज तुम्हांला एका जुन्या लाकडी मालवाहू जहाजाची हकीकत सांगणार आहे. ते जहाज नोव्हेंबर महिन्यात बुडाले आणि त्यात नाताळची झाडे भरलेली होती.

जहाजाचे नाव ‘राऊस सिमन्स’. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १८६८ साली ते बांधले गेले. केनोशा गावच्या एका उद्योजकाचे नाव त्याला दिले होते. लांबी सुमारे १२३ फूट, डोलकाठ्या तीन. अशा जहाजाला ‘स्कूनर’ म्हणतात. त्याची शिडे जहाजाच्या लांबीच्या रेषेत बांधलेली असतात, त्यामुळे थोडक्या खलाशांवर ते चालवता येते आणि मालाची ने-आण स्वस्तात होते. आपल्याकडील नाखवा-तांडेलांना हा हिशेब सांगायला नको.

हे जहाज मिशिगन सरोवरावर चालत असे. सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलाव येतो. परंतु मिशिगन सरोवराची लांबी जवळजवळ ५०० किलोमीटर आहे. त्याच्या मध्यावर उभे राहिले तर चारी दिशांना किनारा दिसत नाही. पाणी गोडे, पण वादळ मात्र समुद्राचे. नोव्हेंबरमधील तेथील वारे खलाशांच्या उरात धडकी भरवतात.

त्या काळी उत्तरेकडील जंगलांतले लाकूड दक्षिणेकडील शहरांत अशाच जहाजांतून येत असे. १८७१ साली शिकागो शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला. ते शहर पुन्हा उभे राहिले त्यात या स्कूनर जहाजांनी आणलेल्या लाकडाचा मोठा वाटा होता. ‘राऊस सिमन्स’ बरीच वर्षे मस्केगन येथील लाकडाचे मोठे व्यापारी चार्ल्स हॅकली यांच्या मालकीचे होते. पुढे आगगाडी आणि वाफेची जहाजे आली, जंगलेही विरळ झाली. शिडाच्या जहाजांना काम मिळेना. ‘राऊस सिमन्स’ या हातातून त्या हातात जात राहिले. दुरुस्तीला पैसा कमी आणि वय मात्र वाढत चाललेले.

अशा या म्हाताऱ्या जहाजाला शेवटच्या काही वर्षांत एक सुंदर काम मिळाले. हर्मन शूनेमन नावाचा एक कप्तान दर नोव्हेंबरला उत्तरेकडील जंगलातून नाताळची झाडे जहाजात भरी आणि शिकागोला आणून विकी. तेथे जर्मनीहून आलेली पुष्कळ कुटुंबे होती आणि झाडाशिवाय त्यांचा नाताळ होत नसे. शिकागो नदीवर क्लार्क स्ट्रीटच्या पुलाजवळ जहाज नांगरले जाई. डोलकाठ्यांवर विजेचे दिवे लागत. आई-वडील मुलांना घेऊन थेट जहाजावर चढत आणि झाड निवडत. किंमत अर्ध्या डॉलरपासून एका डॉलरपर्यंत. कप्तानाची पत्नी बार्बरा आणि मुली पाने-फांद्यांच्या माळा व चक्रे विणून विकत. गोरगरीब कुटुंबांना आणि चर्चना कप्तान काही झाडे फुकट देत असे. लोक त्याला प्रेमाने ‘कॅप्टन सांता’ म्हणत.

हा धंदा सुखाचा नव्हता. हर्मनचा थोरला भाऊ ऑगस्ट हाही हेच काम करी. १८९८ सालच्या नोव्हेंबरात तो ‘एस. थाल’ या जहाजातून झाडे घेऊन निघाला आणि वादळात जहाजासह गेला. त्या फेरीला हर्मन जहाजावर नव्हता. भावाच्या मृत्यूनंतरही त्याने काम सोडले नाही. पाण्यावर पोट असलेल्या माणसाला ही गोष्ट कळेल. ज्या समुद्राने बापाला नेले त्याच समुद्रावर मुलगा जाळे घेऊन जातो, कारण घरी चूल पेटवायची असते.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९१२. थॉम्पसन नावाच्या छोट्या बंदरातून ‘राऊस सिमन्स’ शिकागोकडे निघाले. जहाजाचे वय ४४ वर्षे. पोटात आणि वर डेकवर मिळून तीन ते पाच हजार झाडे. सोळा-सतरा माणसे. हवा बिघडत चालली होती. पण नाताळ तोंडावर आलेला. नाताळनंतर त्या झाडांना कोण विचारणार? दुसऱ्या दिवशी वायव्येचा सोसाट्याचा वारा आणि बर्फ सुरू झाले. दुपारी तीनच्या सुमारास किवॉनी येथील जीवरक्षक केंद्रावरील पहाऱ्याला दूर पाण्यात एक स्कूनर दिसले. त्याचा झेंडा अर्ध्यावर उतरवलेला होता. ही संकटाची खूण. केंद्राची मोटारबोट नेमकी बाहेर गेली होती. केंद्रप्रमुखाने लगेच दक्षिणेकडील टू रिव्हर्स येथील केंद्राला टेलिफोन केला. तेथील जवानांनी बोट पाण्यात लोटली आणि त्या थंडीवाऱ्यात ते उत्तरेकडे निघाले. अंधार पडला, बर्फ दाट झाले. जहाज त्यांना सापडले नाही. एकही माणूस परत आला नाही.

बंधू-भगिनींनो, अशी घटना घडली की माणसे लगेच कारण शोधू लागतात. तेथेही तसेच झाले. कोणी म्हणाले, जहाज शुक्रवारी निघाले, शुक्रवारी कधी निघू नये. कोणी सांगितले, जहाज सुटण्याआधी उंदीर उड्या मारून पळाले होते, त्यांना आधीच कळले होते. हे सारे बोलले गेले ते जहाज बुडाल्यानंतर. एखादे जहाज शुक्रवारी निघून सुखरूप पोहोचते तेव्हा तो शुक्रवार कोणी मोजत नाही.

आपणही यापासून दूर नाही. आपल्या गावात कोणी अकाली गेले की ओट्यावर चर्चा सुरू होते. कोणाची नजर लागली, कोणता नवस राहिला, घरात कोणाचे पाप होते. आणि श्रद्धेच्या भाषेत बोलणारी माणसे आणखी एक वाक्य जोडतात: ‘देवाची इच्छा.’ हे वाक्य बोलणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. पण विधवा झालेल्या स्त्रीच्या कानांना ते कसे ऐकू येते, याचा विचार करा. तिला ऐकू येते की देवाने तिच्या नवऱ्याला मारले.

प्रभू येशूला हाच प्रश्न विचारण्याची वेळ आली होती. संत लूकच्या शुभवर्तमानातील तेरावा अध्याय घरी उघडून वाचा. सिलोआम येथे बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती माणसे यरुशलेममधील इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभूने स्वतःच लोकांपुढे ठेवला आणि स्वतःच ठामपणे उत्तर दिले की नाही. मग त्याने मेलेल्यांचा हिशेब करणाऱ्या जिवंत माणसांना स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवले. आपत्तीकडे पाहण्याची प्रभूची ही रीत आहे. गेलेल्यांवर निकाल देऊ नका; उरलेल्यांनो, तुमचे काय ते पाहा.

संत थॉमस अक्वायनस याने हीच गोष्ट तत्त्वज्ञानाच्या अंगाने मांडली आहे. परमेश्वर सर्व गोष्टींचे आद्य कारण आहे, परंतु त्याने निर्माण केलेल्या वस्तूंनाही त्याने खरीखुरी शक्ती दिली आहे. अग्नी खरोखर जाळतो. वारा खरोखर ढकलतो. माणूस खरोखर निर्णय घेतो. म्हणून ‘जहाज का बुडाले?’ या प्रश्नाचे पहिले प्रामाणिक उत्तर असे की वारा जोराचा होता, शिडांवर व झाडांवर बर्फ गोठून वजन वाढत होते, लाकूड जुने होते आणि भार फार होता. ही कारणे ओलांडून एकदम देवाकडे बोट दाखवणे म्हणजे भक्ती नव्हे. तो एक प्रकारचा आळस आहे. त्यामुळे जे सुधारता आले असते ते पाहायचे राहून जाते.

येथे आपल्याला प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसावा अध्याय उपयोगी पडेल. त्यातही एका मालवाहू जहाजाची हकीकत आहे. संत पौल कैदी म्हणून रोमला चालला होता. आशिया मायनरमधील मुर्रा बंदरात त्याला गहू वाहून नेणाऱ्या जहाजावर चढवण्यात आले. प्रवासाचा हंगाम संपत आला होता. पुढे जाऊ नका, जहाजाचे आणि जिवाचेही नुकसान होईल, असे पौलाने सांगितले. परंतु शताधिपतीने तांडेलाचे आणि जहाजमालकाचे ऐकले. पुढे वादळ आले, गहू समुद्रात फेकावा लागला, जहाज माल्टा बेटाजवळ फुटले. जहाजावरील सर्व २७६ माणसे मात्र वाचली. पौल देवाचा माणूस होता, आणि त्याने सुरुवातीला दिलेला सल्ला काय होता? हवा पाहा, हंगाम पाहा, थांबा. देवावर विश्वास आणि हवेचा अंदाज यांत त्याला कोणताही विरोध दिसला नाही.

ख्रिस्तसभा चार मूलभूत सद्गुण शिकवते: विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. त्यांत विवेक इतर सद्गुणांना वाट दाखवतो. विवेकाशिवाय धैर्य हा आंधळा घोडा आहे. कप्तान शूनेमन भला माणूस होता, शूर होता, गरिबांना देणारा होता. एवढे सगळे असूनही जुन्या जहाजावर जास्त भार घालून वादळाच्या तोंडावर निघता येते. हे त्याला दोष देण्यासाठी म्हणत नाही. त्या दिवशी त्याच्या जागी आपण असतो तर कदाचित हेच केले असते. समोर सणाचा बाजार होता, मागे देणेकरी आणि कुटुंब. गरज माणसाला घाई करायला लावते.

म्हणून या आगमनकाळात प्रत्येक घराने एकदा आपल्या जहाजावरचा भार पाहावा. मुलीच्या लग्नात मांडव, बँड आणि जेवणावळीसाठी काढलेले कर्ज वडिलांना पेलणारे आहे का? शेजाऱ्यांनी बंगला बांधला म्हणून आपण हप्त्यांवर चढवलेला मजला कोणाच्या पगारावर उभा आहे? बोटीवर जाणाऱ्या मुलांकडे पाण्यावर तरंगणारी जॅकेटे आहेत का, आणि असली तर ती अंगात असतात की फळीखाली? हवामान खात्याचा इशारा आलेला असताना ‘देव आहे ना’ म्हणून बोट लोटणे, किंवा दारू पिऊन रात्री मोटारसायकल काढणे, हा विश्वास नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, असे सैतानाने प्रभूला सुचवले होते. प्रभूने ती उडी टाकली नाही.

मग या हकीकतीत देव होता तरी कोठे? मला तो तीन ठिकाणी दिसतो.

पहिले ठिकाण किवॉनीचा पहारा. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी शुभवर्तमान दर वर्षी आपल्याला जागे राहण्यास सांगते. जागे राहणे म्हणजे केवळ रात्री डोळे उघडे ठेवून जपमाळ म्हणणे नव्हे. दूरवर कोणाचा झेंडा अर्ध्यावर आला आहे हे ओळखणे म्हणजे जागे राहणे. त्या केंद्रप्रमुखाजवळ त्या क्षणी बोट नव्हती. तो हळहळत बसला नाही. ज्यांच्याजवळ बोट होती त्यांना त्याने हाक दिली. आपल्यापैकी अनेकांना वाटते, मी गरीब, मी म्हातारा, मी काय मदत करणार? शेजारचा तरुण आठवडाभर घराबाहेर आला नाही, पलीकडची वहिनी मिस्सेला येईनाशी झाली, हे तुमच्या लक्षात तर येते? मग कोणाला तरी सांगा. मला सांगा, सिस्टरांना सांगा, विभागातील प्रमुखांना सांगा. एवढेही पुष्कळ आहे.

दुसरे ठिकाण टू रिव्हर्सची बोट. ते जवान गेले आणि रिकाम्या हाताने परतले. जगाच्या हिशेबात त्यांचे जाणे फुकट गेले. परंतु बुडणाऱ्या माणसासाठी कोणीतरी घर सोडून त्या बर्फात निघाले होते, ही गोष्ट परमेश्वराच्या वहीत लिहिलेली आहे. आजाऱ्याची सेवा करूनही आजारी माणूस जातो. व्यसनी भावाला दहा वेळा आणूनही तो अकराव्यांदा गुत्त्यावर जातो. अशा माणसांच्या घरच्यांना मी सांगू इच्छितो की तुमची फेरी वाया गेलेली नाही.

तिसरे ठिकाण बार्बरा शूनेमन. नवरा गेला, जहाज गेले, वर्षाचा माल पाण्यात गेला. पदरात तीन मुली. या बाईने मुलींना बरोबर घेऊन झाडांचे काम पुढे चालू ठेवले. आधी काही वर्षे जहाजातून आणि नंतर आगगाडीने झाडे येत राहिली. १९३३ साली मृत्यू येईपर्यंत शिकागोच्या मुलांना तिच्या कुटुंबाकडून झाड मिळत राहिले. त्या पती-पत्नीच्या स्मृतिशिलेवर दोघांच्या नावांमध्ये एक छोटेसे नाताळचे झाड कोरलेले आहे. ज्या झाडांनी तिचे कुंकू पुसले त्या झाडांचा तिने द्वेष केला नाही. तिच्या मनावर काय गुदरले असेल ते देवालाच ठाऊक. ‘देवाची इच्छा’ हे शब्द कोठे वापरायचेच असतील तर ते या ठिकाणी वापरा. नवरा बुडावा ही देवाची इच्छा नव्हती. त्यानंतरही तिच्या हातून दुसऱ्यांच्या घरी आनंद जावा, ही त्याची इच्छा होती आणि तिने ती पूर्ण केली.

त्या जहाजाचे पुढे काय झाले तेही सांगतो. कित्येक वर्षे कोळ्यांच्या जाळ्यांत झाडे अडकून वर येत असत. १९२४ साली कप्तानाचे पाकीट जाळ्यात सापडले. मेणकापडात गुंडाळल्यामुळे ते टिकले होते. १९७१ साली एक पाणबुड्या दुसरेच एक जहाज शोधत असताना त्याला ‘राऊस सिमन्स’ सापडले. सुमारे पन्नास मीटर खोल पाण्यात ते तळावर बसले होते. आपल्या खाऱ्या पाण्यात लाकूड किड्यांनी पोखरून जाते. तेथील थंड, गोड्या पाण्यात मात्र ते टिकून राहिले. जहाजाच्या पोटात झाडे अजून रचलेली होती. जवळजवळ साठ वर्षांनंतरही त्यांतील काहींना पाने होती.

आणि १९१२ साली जहाजाला शोधायला गेलेले ते जीवरक्षक दल १९१५ साली अमेरिकेच्या तटरक्षक दलात सामील झाले. त्याच तटरक्षक दलाच्या ‘मॅकिनॉ’ नावाच्या जहाजाने सन २००० मध्ये उत्तरेकडून नाताळची झाडे भरून शिकागोला नेली आणि गरीब कुटुंबांना वाटली. पुढे ती प्रथाच पडली. ज्यांना ते जहाज वाचवता आले नाही, त्यांच्या वारसांनी त्याचा माल त्याच्या मुक्कामी पोहोचवला.

वर ज्या मुर्रा बंदराचा उल्लेख केला, त्याच मुर्रा शहराचा संत निकोलस हा पुढे बिशप झाला. तो खलाशांचा आश्रयदाता आहे आणि गुपचूप दान देणारा म्हणून प्रसिद्ध आहे. सांताक्लॉजची कथा त्याच्यापासून सुरू झाली. त्याचा सण ६ डिसेंबरला येतो. त्या दिवसाच्या आत आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने एक काम करावे, अशी माझी विनंती आहे. या वर्षी ज्या घरात मृत्यू झाला त्या घरी जा. रिकाम्या हाताने जाऊ नका आणि उपदेश घेऊनही जाऊ नका. त्यांच्या घरी तारा लागला नसेल तर मुलांना घेऊन तो लावून द्या. गोठा नसेल तर तुमच्यातला थोडा पेंढा, दोन मेंढरे न्या. बोलायला सुचले नाही तर शेजारी बसा.

आपण ज्या चर्चमध्ये बसतो त्याच्या मधल्या भागाला लॅटिनमध्ये ‘नाविस’, म्हणजे नाव, म्हणतात. आपण सारे एकाच नावेत बसलेले आहोत. वादळ येणार नाही असे वचन प्रभूने आपल्याला दिलेले नाही. गालीलच्या सरोवरातही वादळ आले होते. पण तो नावेत होता.

समुद्रावर असलेल्या आपल्या सर्व बांधवांना परमेश्वर सुखरूप घरी आणो. जे परत आले नाहीत त्यांना तो आपल्या बंदरात घेवो. आगमनकाळाच्या तुम्हां सर्वांना प्रार्थनापूर्वक शुभेच्छा.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू